वरच्या मजल्याचं पाणी

पुण्यात माणूस भांडायचं ठरवतो तेव्हा आधी पाटी लिहितो. कर्वेनगरातल्या एका जुन्या सोसायटीच्या जिन्यात डिसेंबरच्या सुरुवातीला अशीच एक पाटी लागली. 'वरच्यांनी आपले पाणी आपल्या घरात सांभाळावे. खालच्यांना पोहता येत नाही.' अक्षर टपोरं आणि वळणदार होतं. खाली नाव नव्हतं, पण ते अक्षर कुणाचं हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुखदेव ओव्हाळांचं.

ओव्हाळांनी सारी हयात पाटबंधारे खात्यात काढली आणि अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले. धरणाचं पाणी कुठल्या कालव्याने कुठल्या शिवारात गेलं, हे त्यांना तोंडपाठ असे. पण स्वतःच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर पाणी कुठून येतं, हे काही त्यांना उमगत नव्हतं. कपाटामागे काळे ठिपके पडले होते, रंग फुगला होता आणि खोलीत शिरलं की कुबट वास येत होता. आता पाणी वरून खाली येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. वरच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी कुणी शेख नावाच्या बाई राहायला आल्या होत्या. झालं, ओव्हाळांचा निकाल तयार होता. वर जाऊन एकदा बघावं, असं काही त्यांना वाटलं नाही.

आणि निकालाची त्यांना घाईही होती. हैदराबादहून मुलाचा, रोहनचा, फोन आला होता.

"जय भीम, बाबा. नाताळची सुट्टी मिळाली. येतोय आम्ही."

"या की! यशूला काय आणू? तिला चिक्की आवडते ना?"

"बाबा, आधी भिंतीचं सांगा. ओल गेली का?"

"करतोय काहीतरी."

"मागच्या वेळी यशूचा खोकला किती दिवस गेला नव्हता. आम्रपाली म्हणते, ओल तशीच असेल तर आम्ही लोणीला उतरू. तुम्हाला दिवसा भेटायला येत जाऊ."

लोणी काळभोर हे सुनेचं माहेर. मोकळं घर, पुढे अंगण, माणसांचा राबता. आम्रपालीचं काही चुकत नव्हतं.

"भेटायला या," ओव्हाळ म्हणाले.

"वाईट वाटून घेऊ नका, बाबा."

"छे, मला कसलं वाईट वाटतंय!"

वाटलं होतं. फार वाटलं होतं. स्वतःची नात स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी दोन तास येणार आणि संध्याकाळ व्हायच्या आत निघून जाणार. एवढ्यासाठी का माणूस घर घेतो?

पत्नी कल्याणी गेल्यापासून त्या घरात आवाज असा राहिलाच नव्हता. सुरुवातीला ओव्हाळ गॅलरीत कपडे वाळत घालत. एकदा ते बनियन पिळून दोरीवर टाकत होते आणि समोरच्या इमारतीतली एक बाई आपल्या सुनेला म्हणाली, "अगंबाई, बघ ना. बिचारे!" तो शब्द त्यांना झोंबला. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाची कीव पदरात घेतली नाही, त्याला अख्ख्या गल्लीने बिचारा म्हणावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी कपड्यांचा स्टँड झोपायच्या खोलीत नेला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. मग हळूहळू खिडक्याही बंद झाल्या. कबुतरं येतात म्हणून बाथरूमच्या हवा जायच्या झडपेत त्यांनी थर्माकोल ठोसला आणि चिकटपट्टी मारली. कल्याणी असताना तिथे जाळी होती. ती फाटली, तेव्हा नवी लावायचं कुणाला सुचलं नाही.

कल्याणीने हौसेने घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ मात्र चालू होतं. मधे ते बंद पडलं, तेव्हा घर इतकं सुनं झालं की ओव्हाळांना राहवेना. रोहनने दोन वर्षांपूर्वी कुरिअरने एक अलार्म पाठवला होता, विषारी वायू झाला की वाजणारा. तो पॅसेजमध्ये खिळ्याला टांगलेला असे. त्या थंडीत तो सकाळी अंघोळ झाली की उगाचच कोकलू लागला. 'वाफेने बिघडलाय मेला,' असं म्हणून ओव्हाळांनी त्याचे सेल काढले आणि घड्याळात घातले. घड्याळ पुन्हा टिकटिक करू लागलं. ओव्हाळांना बरं वाटलं.

पाटी लागली त्याच संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात खादीचा कुर्ता घातलेली, डोळ्यांवर जाड चष्मा असलेली, पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती.

"नमस्कार. मी अख्तरबानू शेख. तुमच्या पाटीतली वरची."

ओव्हाळांनी दार अर्धवटच उघडं धरलं.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," शेखबाई म्हणाल्या. "मी शाळेत विज्ञान शिकवायचे. असं अक्षर असलेल्या मुलाला मी हमखास एक गुण जास्त द्यायचे. मजकुराचा मात्र कापला असता. भिंत बघू का?"

कल्याणीच्या शोकसभेनंतर घरच्यांखेरीज कुणी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. ओव्हाळ संकोचून बाजूला झाले.

शेखबाईंनी भिंतीवर तळवा ठेवला, कपाटामागे डोकावून पाहिलं, मग म्हणाल्या, "तुमचं बाथरूम कुठल्या टोकाला?"

"पलीकडच्या."

"मग माझंही पलीकडच्याच टोकाला असणार. इमारत एकच आहे, साहेब. या भिंतीच्या वर माझी पुस्तकांची कपाटं आहेत. आणि माझी पुस्तकं अजून तरी गळत नाहीत."

"पाणी कुठूनही वाट काढतं," ओव्हाळ ताठ होऊन म्हणाले. "मी पाटबंधारे खात्यात होतो."

"मग तर फारच छान. तपासणी केल्याशिवाय तुम्ही कालव्याला दोष देत नसाल. घरात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आहे?"

कागद होता. शेखबाईंनी त्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा फाडला आणि भिंतीवर जिथे ओल होती तिथेच चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवला.

"दोन दिवस हात लावू नका. मग आधी वरून बघा आणि काढून मागून बघा. पाणी भिंतीतून येत असेल तर कागदाच्या मागे ओल सापडेल. आणि मागे कोरडं, पण खोलीकडच्या बाजूला दव असेल, तर पाणी भिंतीतलं नाही, खोलीतल्या हवेतलं आहे. मागे ओल निघाली तर मी माझी फरशी उकरून घेईन. मंजूर?"

"मंजूर."

जाताना त्यांनी स्टँडवरच्या ओल्या शर्टांकडे एकदा पाहिलं. त्या गेल्यावर ओव्हाळांच्या लक्षात आलं की आपण त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी, अंघोळ उरकून, ते भिंतीपाशी गेले. चंदेरी कागदावर बारीक थेंब जमले होते. बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. त्यांनी कागद सोलून काढला. मागची बाजू खडखडीत कोरडी होती.

ओव्हाळ कागद हातात घेऊन पलंगावर बसले. खरं सांगायचं तर, एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. कागद उलटा करायला कितीसा वेळ लागतो? बघायला कोण आहे इथे? पण त्याचबरोबर त्यांना तरुणपणचा एक दिवस आठवला. कल्याणीला घेऊन ते भाड्याची जागा बघायला गेले होते. मालकाने हसून आडनाव विचारलं, ते ऐकलं आणि हसू पुसून म्हणाला, "जागा कालच गेली हो." त्या माणसाने त्यांच्याबद्दल दुसरं काहीही विचारलं नव्हतं. जिना उतरताना कल्याणी म्हणाली होती, "आपण कधी कुणाला असं न बघता परत पाठवायचं नाही."

आणि आपण काय केलं? जिन्याखालच्या टपालपेटीवरची 'शेख' ही पाटी वाचली आणि आपली पाटी लिहायला घेतली!

ते उठले, कागद तसाच हातात धरून एक मजला वर चढले. त्या जिन्याच्या पायऱ्या ते पहिल्यांदाच चढत होते.

"मागची बाजू कोरडी आहे," दार उघडताच ते म्हणाले. "पाणी माझंच आहे, शेखबाई. माफ करा."

शेखबाई हसल्या नाहीत. "थांबा, चप्पल घालते," एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्याबरोबर खाली आल्या. या वेळी ओव्हाळांनी आठवणीने चहाचं आधण ठेवलं.

"बघा, किती सोपं आहे," स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून शेखबाई म्हणाल्या. "ओल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? हवेत. अंघोळीची वाफ, हे चहाचं आधण, आपला श्वास, सगळं हवेत. त्या हवेला बाहेर जायला तुम्ही वाटच ठेवली नाही. मग ती रात्री गार भिंतीवर येऊन बसते. खिडक्या का लावून घेता?"

ओव्हाळ चहा गाळू लागले. मग हलकेच म्हणाले, "लोक बघतात."

"काय बघतात?"

"बायकोमाघारी पुरुषमाणूस धुणं वाळत घालतो ते. बिचारा म्हणतात."

"म्हणू देत! आपले कपडे आपण वाळत घालण्यात बिचारं काय आहे? बिचारा तो, ज्याला तेही येत नाही." शेखबाईंचा आवाज शाळेतल्यासारखा चढला आणि मग उतरला. "ओव्हाळसाहेब, माझा मुलगा जावेद परदेशी गेला तेव्हा मीही असंच दार लावून घेतलं होतं. कुणाला माझी कीव यायला नको म्हणून. एकदा तापाने पडून होते. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या साठल्या, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आत एक बाई आहे. दार लावून घेतलं की माणूस सुरक्षित होतो, असं वाटतं आपल्याला. तसं नसतं ते."

ओव्हाळांनी कप पुढे केला आणि दुसऱ्या हाताने कपाळ दाबलं.

"डोकं दुखतंय?"

"रोजचंच आहे. थंडीत सकाळी अंघोळ झाली की ठणकतं, मळमळतं. बाहेर एक फेरी मारून आलो की उतरतं. वय झालं."

शेखबाईंनी कप खाली ठेवला. "अंघोळ झाल्यावर दुखतं? आणि बाहेर गेलात की उतरतं? बाथरूम दाखवा मला."

बाथरूममध्ये भिंतीवर गॅसचा गीझर होता. झडप थर्माकोलने बंद. नळाखाली कोरी करकरीत पिवळी बादली आणि तसाच छोटा मग. यशूसाठी ओव्हाळांनी दोन्ही आदल्याच दिवशी आणून ठेवली होती.

"हा गीझर वापरू नका. आजपासून नाही."

"का? इतकी वर्षं वापरतोय. काही झालं नाही."

"गॅस जळायला हवा लागते. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते. घरात अलार्म नाही का?"

"आहे. पण बिघडलाय. अंघोळ केली की ओरडायचा. म्हणून मी त्याचे सेल काढून..." ओव्हाळ बोलता बोलता थांबले. त्यांची नजर घड्याळाकडे गेली.

शेखबाईंनी खिळ्यावरचा अलार्म काढून पाठीवरची तारीख वाचली. "मुदत संपलेली नाही. सेल द्या."

ओव्हाळांनी स्टुलावर चढून घड्याळ काढलं. सेल काढून त्यांनी शेखबाईंच्या हातावर ठेवले. टिकटिक थांबली आणि घरात एकदम शांतता पसरली.

शेखबाईंनी अलार्मचं बटण दाबलं, तो वाजला. मग त्यांनी आधी घराचं दार आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. गीझरचा सिलिंडर स्वयंपाकघराच्या गॅलरीत होता, तिथे त्याच्या चावीवर स्वतः हात ठेवून उभ्या राहिल्या. ओव्हाळांनी अलार्म बाथरूममधल्या स्टुलावर ठेवला, गरम पाण्याचा नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि ते बाहेर आले. दोघंही वाट पाहत राहिले. आत पाणी पडत होतं. खालून भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. किती दिवसांनी ऐकली ती हाळी, असं ओव्हाळांच्या मनात आलं.

आणि आतून अलार्म किंचाळू लागला!

शेखबाईंनी सिलिंडर झटकन बंद केला. अलार्म थांबेना. रिकाम्या बाथरूममध्ये तो आकांताने ओरडत होता. हाच तो आवाज! हाच आवाज रोज सकाळी ओव्हाळांना 'बाहेर पड, बाहेर पड' म्हणून सांगत होता आणि त्यांनी त्याचंच तोंड बंद केलं होतं!

"अहो," ओव्हाळ म्हणाले, "यशूला थंडी लागू नये म्हणून मी ठरवलं होतं... दार नीट लावून, पाणी चांगलं कढत सोडून, बाथरूम आधी गरम करून ठेवायचं... आणि मग तिला..."

ते तिथेच पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसले आणि कल्याणी गेली त्या दिवशीसुद्धा रडले नव्हते तसे रडले. शेखबाईही शेजारी खाली बसल्या.

मग मात्र त्यांनी ओव्हाळांना बसू दिलं नाही. "उठा. आता बाकीचंही बघून घेऊ." विजेच्या मुख्य बोर्डावर, करंट उतरला तर वीज तोडणारी जी खटकी असते, तिच्यावरचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण त्यांनी दाबायला लावलं. "दाबलं की घरातली वीज जायला हवी." ओव्हाळांनी दाबलं. पंखा खुशाल फिरत राहिला. भिंतीला ओल, त्याच भिंतीत विजेचे बोर्ड आणि राखणदार झोपलेला! दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावून ती बदलून घेतली. शेगडीच्या गॅसची नळीही मुदत उलटून गेलेली निघाली, तीही बदलली. गीझर बाथरूममधून काढून उघड्या गॅलरीत बसवायचं ठरलं. झडपेतला थर्माकोल ओव्हाळांनी स्वतःच्या हाताने उपटला आणि तिथे नवी जाळी ठोकली. डोक्याचं दुखणं डॉक्टरांच्याही कानावर घातलं.

संध्याकाळी त्यांनी रोहनला फोन करून सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

"बाबा," रोहन म्हणाला, "मी अलार्म कुरिअरने पाठवला आणि माझं कर्तव्य संपलं असं समजलो. तो चालू आहे का, हे एकदाही विचारलं नाही. तुमचं डोकं दुखतं हेही मला आज कळतंय."

"मी सांगितलं नव्हतं."

"मी विचारलं नव्हतं, बाबा."

जिन्यातली पाटी ओव्हाळांनी उतरवली आणि त्याच टपोऱ्या अक्षरात दुसरी लावली. 'वरच्या मजल्याची चूक नव्हती. चूक लिहिणाऱ्याची होती. सुखदेव ओव्हाळ.' सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव ती वाचून म्हणाले, "ओव्हाळ, पाटी मागे घेणारा माणूस पुण्यात पहिल्यांदाच बघतोय. सांभाळून राहा, तुम्हाला पुण्याबाहेर काढतील."

कपड्यांचा स्टँड गॅलरीत आला. समोरच्या बाईने एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पाहायचं सोडून दिलं. भिंत लगेच काही गोरीगोमटी झाली नाही, पण पुसून घेतलेले काळे ठिपके परत आले नाहीत आणि कुबट वास विरत गेला. नाताळात यशू आली. आम्रपालीने खोलीत शिरून एक दीर्घ श्वास घेतला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि बॅगा पलंगाखाली सरकवल्या. लोणीला ते एक दिवस जाऊन आले, पण रात्री झोपायला इथेच. शेखबाईंनी यशूला चंदेरी कागदाचा मुकुट करून दिला.

सुट्टी संपली, मुलं गेली आणि घर पुन्हा एकट्याचं झालं. ते व्हायचंच होतं. पण जाण्याआधी रोहनने बाबांकडच्यासारखाच एक अलार्म शेखबाईंच्या घरी बसवून दिला होता. तेव्हा शेखबाईंनी एक रिवाज घातला. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आधी ओव्हाळांनी आपल्या अलार्मचं बटण दाबायचं, मग वरून शेखबाईंनी. खिडक्या उघड्याच असतात, आवाज जातो. ज्याचा आवाज आला नाही, त्याच्या दारात दुसऱ्याने जायचं. बापूरावांनी आधी थट्टा केली, मग तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी त्यांनीही एक अलार्म आणला.

नागरिकहो, आपल्या भिंतीला ओल दिसली की आपण आधी शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याच्या आडनावाकडे दाखवतो, त्याच्या रीतीभातीकडे दाखवतो. तेच बोट एकदा आपल्या भिंतीवर फिरवून बघा. आपल्या अलार्मच्या, आपल्या खटकीच्या बटणावर ठेवून बघा. गावाला एकटे राहणारे आपले आईवडील असतील, तर पाठवलेली वस्तू पोचली का एवढंच विचारू नका, ती चालते का हेही विचारा. आणि खिडकी उघडा. हवा आत येते, तशी माणसंही येतात.

फेब्रुवारीच्या एक तारखेला ओव्हाळ उठले. घड्याळात नवे सेल होते, टिकटिक चालू होती. त्यांनी पॅसेजमध्ये जाऊन बटण दाबलं. अलार्म वाजला आणि थांबला. ते खिडकीशी येऊन उभे राहिले. वरून काहीच आवाज नाही. आणखी थोडा वेळ गेला. ओव्हाळांनी पायात चप्पल सरकवली, दाराची कडी काढली, एक पाऊल जिन्यात टाकलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. टीं, टीं, टीं. आणि पाठोपाठ खिडकीतून शेखबाई ओरडल्या, "आहे हो, आहे! चहा उतू जात होता!"

"मी पण आहे!" ओव्हाळ ओरडून म्हणाले. चप्पल काढायच्या ऐवजी ते तसेच वर चहाला गेले.